दादाला सोसेल एवढंच

चिमणी हे नाव तिला दादानंच ठेवलं होतं, आणि त्यात कौतुकापेक्षा टिंगल जास्त होती. अंगकाठी एवढीशी, पण ड्रमवर बसली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरायच्या. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढी चूकही चालायची नाही असं काम. संध्याकाळी घरी आली की दिवसभर आवरून धरलेले हात मोकळे सोडायची.

घराच्या तळमजल्यावर गाडी ठेवायची खोली होती. वडील गेल्यावर आईनं गाडी विकली आणि खोली उरली. दादानं तिचा ताबा घेतला. तो लोखंडी फाटकं आणि जिन्यांचे कठडे बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंग करायचा, आणि संध्याकाळी गिटार घेऊन गायचा. बँड त्याचाच. बेस गिटारवर उंट, म्हणजे स्कूटरवरून पार्सलं पोचवणारा एक लांबलचक मुलगा. दुसऱ्या गिटारवर मास्तर, शाळेत गणित शिकवणारा. मास्तरला गायची फार हौस, पण त्याचा आवाज बंद दारामागून कुणी बोलतंय असा यायचा, म्हणून माइक त्याच्यापासून लांब ठेवलेला असे.

चौघं कॉलेजांच्या कार्यक्रमांत वाजवायचे, कुणाच्या वाढदिवसाला वाजवायचे. कार्यक्रम संपला की लोक जवळ येऊन म्हणायचे, "डोळे मिटले तर अगदी त्यांच्यासारखं वाटतं हो!" ते म्हणजे ज्या प्रसिद्ध बँडची चित्रं त्या वेळी प्रत्येक पोराच्या खोलीत लावलेली असायची, ते. पहिली काही वर्षं हे ऐकून चौघांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग हळूहळू दादाला ते टोचायला लागलं.

"आणि डोळे उघडल्यावर काय वाटतं?" त्यानं एकदा एका भल्या माणसाला तोंडावर विचारलं. तो बिचारा गोरामोरा झाला.

त्यानंतर दादानं ध्यासच घेतला. आपलं असं काहीतरी पाहिजे. आधी सगळं दुप्पट वेगानं वाजवून पाहिलं. मग एक ट्रम्पेटवाला आणला. तो तीन आठवडे टिकला. मग आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. "अजून सापडत नाही," दादा म्हणायचा, जसं काही किल्ली हरवली आहे आणि ती खोलीतच कुठंतरी आहे.

हे असं चाललेलं असताना कारखान्यात एक मोठं फाटक उभं करताना साखळी निसटली आणि लोखंडी दांडा दादाच्या डोक्यावर आला.

एकवीस दिवस तो दवाखान्यात होता. आईनं पडद्यांच्या दुकानातलं शिवणकाम तेवढ्यापुरतं बंद ठेवलं, चिमणीनं तिच्याबरोबर त्याच्याजवळ बसायच्या पाळ्या वाटून घेतल्या. जीव वाचला. हात-पाय हलत होते, बोलणं जागेवर होतं, माणसं ओळखत होता. घरी आणला त्या दिवशी आईला भरून आलं होतं. ती चहा करायला गेली आणि तिच्या हातून चमचा फरशीवर पडला.

दादा किंचाळला. दोन्ही कान दाबून तो भिंतीकडे वळला आणि तसाच खाली बसला. आई धावत आली, "काय झालं रे, काय झालं?" तर तो म्हणाला, "आई, बोलू नकोस. बोलू नकोस गं."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. "कान चांगले आहेत त्यांचे," त्या म्हणाल्या. "बाहेरचा आवाज किती आत घ्यायचा, ते मेंदूला कळेनासं झालंय. दार आहे, पण बंदच होत नाही, असं समजा."

"बरं होईल ना?" चिमणीनं विचारलं.

"होईलही. काहींचं होतं, वर्षभरात. काहींचं राहतं तसंच. औषध म्हणून द्यावं असं माझ्याकडे काही नाही."

चिमणीला वाटत होतं की डॉक्टर पुढं आणखी काही सांगतील. त्यांनी पुढच्या पेशंटची फाईल ओढली.

घर बदललं. ताटल्यांच्या जागी लाकडी वाडगे आले. दारांच्या कडांना आईनं कापडाच्या पट्ट्या शिवल्या. फोन मुका झाला. तिघंही कुजबुजत बोलायला शिकली, आणि मग लक्षात आलं की कुजबूज उलट जास्त बोचते. साधं, सपाट, हळू बोललेलं त्याला सोसतं. त्यातून रस्त्यावर कुणी हॉर्न वाजवला, वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची ओढली, की दादाच्या तोंडचं पाणी पळे. अशा वेळी काय करायचं? खुर्ची ओढणाऱ्याला जाऊन तरी काय सांगायचं? आई नुसती त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायची.

बँड संपला, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. खालच्या खोलीला कुलूप होतं.

चार महिन्यांनी एका रविवारी दादाच म्हणाला, "त्या दोघांना बोलव."

"कशाला?"

"वाजवायला. मी खाली येऊन बसतो."

"वेडा आहेस का?"

"वर बसून वेडा होईन, चिमणे. खाली बसू दे."

उंट आणि मास्तर आले. उंट दारातच वाकून उभा राहिला, जसं काही उंचीचाही आवाज होतो. दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. चिमणीनं काठी हातात घेतली आणि ड्रमवर अगदी हळूच, टेकवल्यासारखी मारली. दादा उठून मोरीकडे धावला. उलटी झाल्यावर तोंड धुऊन परत आला आणि म्हणाला, "पुन्हा."

"दादा, नको."

"पुन्हा. वेगळं काहीतरी कर."

मग त्यांचे ते विचित्र महिने सुरू झाले. ठरलं असं की दुखलं की दादानं हात वर करायचा. हात वर झाला की सगळ्यांनी थांबायचं. पहिल्या दिवशी तो हात खाली राहिलाच नाही. चिमणीनं काठ्या टाकून बोटांनी वाजवून पाहिलं, हात वर. तळव्यानं, हात वर. आईनं दुकानातून जाळीच्या पडद्याचे उरलेले तुकडे आणले होते, ते ड्रमच्या कातड्यावर अंथरून त्यावरून तिनं तळवा नुसता फिरवला. हात मांडीवरच राहिला. चिमणीनं श्वास रोखून आणखी एक फेरा घेतला. दादानं डोळे मिटले.

मास्तर गणिताचा माणूस, त्यानं वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं की आवाज मोठा असण्यापेक्षा तो अचानक सुरू होण्याचा त्रास जास्त आहे. सूर हळूहळू उगवला तर बराच मोठा झालेलाही दादाला चालायचा. पण त्याची सुरुवात टोकदार असली तर संपलं. म्हणून मास्तर नखी सोडून अंगठ्याच्या मऊ भागानं तारा छेडायला लागला. उंटानं बेसच्या तारांखाली स्पंजाचा तुकडा घातला. गाणी कुठून सुरू होतात ते कळेनासं झालं. ऐकणाऱ्याला वाटावं की गाणं आधीपासूनच चालू होतं, आपलं लक्ष आत्ता गेलं.

गाणार कोण, हाही प्रश्न होता. दादाला स्वतःचाच आवाज सोसत नव्हता. मग बंद दारामागचा तो मास्तरचा आवाज कामी आला. पण तिथंही हात वर व्हायचा, आणि मास्तरला कळेना की कुठं चुकतंय. शेवटी दादाच म्हणाला, "तू 'वाट' म्हणालास ना, तो ट. खिळा ठोकल्यासारखा लागतो. ठ पण. आणि च."

"मग मी काय बोलू?" मास्तर हवालदिल झाला.

पुढच्या आठवड्यात तो नवीन शब्द लिहून घेऊन आला. त्यात एकही टोचरं अक्षर नव्हतं. नुसते म, न, ल, व, य, र, ळ. "ये ना, यावेळी ये ना, मऊ ओल्या वाळूवर नाव लाव ना." असल्या ओळी. त्यात अर्थ किती होता तो मास्तरलाच ठाऊक, पण तो गात असताना दादा पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

चिमणीची मात्र आतल्या आत तडफड होत होती. तिला मारायचं होतं. दिवसभर काचा घासून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा तेच, जपून, हलक्या हातानं, श्वास रोखून. एकदा आई दादाला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली असताना ती खाली गेली, शटर ओढून घेतलं आणि काठ्या उचलल्या. हात वर नेला. तो खाली येईना. कुणी नव्हतं घरात, तरी येईना. ती तशीच थोडा वेळ बसली आणि मग काठ्या कपाटात ठेवून वर आली.

उंटाचाही संयम एक दिवस सुटला. "आपण बँड आहोत की अंगाई म्हणणारी मंडळी?" तो म्हणाला, तेही बिचारा हळूच म्हणाला. दोन आठवडे तो आला नाही. दुसऱ्या एका बँडबरोबर वाजवत होता म्हणे. मग एका संध्याकाळी येऊन स्पंजाचा तुकडा तारांखाली घालायला लागला.

"काय झालं तिकडे?" मास्तरनं विचारलं.

"चांगले आहेत रे. पण कुणी कुणाचं ऐकतच नाही. मी एक गाणं अख्खं चुकीचं वाजवलं, कुणाला पत्ता नाही."

इथं असं नव्हतं. इथं चौघंही कानात प्राण आणून बसलेले असत. कुणाचा श्वास कधी संपतो ते बाकीच्यांना कळायचं. पण याला संगीत म्हणावं असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. हे फक्त दादासाठी होतं, दादाला सोसेल एवढंच.

ते बाहेर गेलं मास्तरमुळे. त्यानं चुका तपासायला फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, तो शाळेतल्या एका बाईंना ऐकवला. त्या बाईंच्या मावसबहिणीचा एक छोटा हॉल होता, शंभर खुर्च्यांचा, तिथं त्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कार्यक्रम ठेवत. एका रविवारी दुपारी त्या हॉलवाल्या बाई स्वतः आल्या. आईनं दारातच त्यांच्या चपला काढून घेतल्या आणि बांगड्याही उतरवायला लावल्या. बाईंनी मुकाट्यानं ऐकलं. चार गाणी झाल्यावर त्या उठून ड्रमजवळ आल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं ऐकतेय मी. असं कुठं ऐकलेलं नाही. हे तुमचंच आहे. कसं सुचलं?"

चिमणीला लाज वाटली, कुणी आपली घरातली औषधाची बाटली उचलून 'किती सुंदर बाटली' म्हणावं तशी.

दादा मात्र हसायला लागला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच असा हसत होता, आणि हसण्याच्या आवाजानं त्यालाच दुखत होतं, म्हणून एका हातानं कपाळ धरून हसत होता. "सापडलं गं," तो चिमणीला म्हणाला. "इतकी वर्षं शोधत होतो आणि सापडलं ते असं."

कार्यक्रम ठरला, संध्याकाळी पाचचा. दादा येणार नाही हे चिमणीनं धरूनच चाललं होतं. तो म्हणाला, "मी येणार."

"लोक असतील तिथं. खोकतील, खुर्च्या सरकवतील."

"कारखान्यात आवाज लागू नये म्हणून कानावर लावायचे ते कप आहेत ना माझ्याकडे. शेवटच्या रांगेत दाराजवळ बसेन. आई बरोबर असेल."

"दादा, ऐक माझं."

"चिमणे," तो म्हणाला, "माझा बँड आहे तो."



हॉलवाल्या बाईंनी सगळं केलं. खुर्च्यांच्या पायांना कापड बांधलं, दारावर माणूस उभा केला, फोन बंद करायला लावले. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि पुढं कितीतरी महिने चिमणीला हेच उमजत नव्हतं की ती आपल्या ध्यानात कशी आली नाही.

गाणी एकातून दुसऱ्यात जाणारी होती, मध्ये कुठं थांबायची जागाच नव्हती. पन्नास मिनिटं हॉलमध्ये कुणी हललं नाही. जाळीवरून तळवा फिरवताना चिमणीला शेवटची रांग दिसत होती. दादा कानांवर ते जाड पिवळे कप लावून बसला होता. शेवटचं गाणं लागलं, ते नावेचं. तेव्हा तिनं पाहिलं की त्यानं ते कप काढून मांडीवर ठेवले. त्याला ऐकायचं होतं. तेवढ्या लांबून, ते लावून, त्याला इतका वेळ काहीच ऐकू आलं नसणार. तो पुढं वाकून ऐकत होता आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते पाहून चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सूर विरत विरत संपला. आणि शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या.

दादा खुर्चीतून खाली गेला. दोन रांगांच्या मधे, गुडघ्यांवर, डोकं दोन्ही हातांत धरून. आई त्याच्या अंगावर वाकून स्वतःच्या पोटाशी त्याचं डोकं दाबत होती. कप कुठंतरी खाली घरंगळले होते. चिमणी ड्रममागून उठली आणि दोन्ही हात हलवायला लागली, थांबा, थांबा. लोकांना वाटलं ती भारावली आहे. ते आणखी जोरात वाजवायला लागले. पुढच्या रांगेतले उभे राहिले, मग त्यांच्या मागचे, आणि तिला शेवटची रांग दिसेनाशी झाली. ती ओरडली. तिचं ओरडणं टाळ्यांत बुडून गेलं, आणि मग तिला कळलं की आपण ओरडतोय, आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

उंट स्टेजवरून उडी मारून गर्दीत घुसला. त्यानं दादाला उचलून बाहेर नेलं.

नऊ दिवस दादा अंधाऱ्या खोलीत पडून होता. चिमणी दुकानातून आली की दाराशी बसायची. आत जायची हिंमत होत नव्हती. हॉलवाल्या बाई येऊन गेल्या, रडल्या, म्हणाल्या, "मला सुचायला हवं होतं." आई म्हणाली, "आम्हाला तरी कुठं सुचलं?" शहरात मात्र बँडचं नाव झालं होतं. आणखी तीन ठिकाणांहून विचारणा आली. मास्तरनं ती पत्रं वहीत घालून ठेवली आणि कुणाला दाखवली नाहीत.

दहाव्या दिवशी दादानं तिला आत बोलावलं.

"मी मामाकडे जातो," तो म्हणाला. मामाची गावाबाहेर रोपवाटिका होती. आसपास वस्ती नव्हती. "त्यालाही माणूस हवाच आहे. रोपं काही आवाज करत नाहीत."

"आम्ही नाही वाजवणार पुढं. बंद करतो."

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"तुला त्रास होईल असं काही..."

"चिमणे, ऐक. तुम्ही माझ्यासाठी हळू वाजवता. लोक तुमच्यासाठी जोरात टाळ्या वाजवतात. मी कुठं बसू?"

टाळ्या वाजवू नका असं दारावर लिहिता येईल, असं काहीसं ती म्हणाली. तो म्हणाला, "मग लोक खुर्च्यांवर नुसते बसून राहतील आणि सगळ्यांना माझी कीव येईल. ते नको." मग म्हणाला, "चांगलं वाजवलंत पण. ते शेवटचं मी ऐकलं."

मामा टेम्पो घेऊन आला. इंजिन लांब कोपऱ्यावरच बंद केलं आणि दोघं तिथपर्यंत चालत गेले. आई कठड्याला धरून उभी होती.

बँड चालू राहिला. दुसरं काही वाजवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. आता खोलीत कुणाला दुखणार नव्हतं. उंटानं स्पंज काढला, मास्तरनं नखी घेतली, चिमणीनं कपाटातून काठ्या काढल्या. पाच मिनिटांत तिघंही थांबले. मास्तर म्हणाला, "हे आपलं नाही." चिमणीला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला रडू आलं. पुन्हा जाळी अंथरली. पण आता एखादी गोष्ट बरोबर झाली की चुकली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तिघं एकमेकांकडे बघत वाजवायचे.

वर्षभरानं त्यांची गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. आवाज सांभाळणारा माणूस काचेपलीकडून सारखा विचारत होता, "ताई, ड्रम जरा वर घेऊ का? फार मागे राहतोय." ती प्रत्येक वेळी नको म्हणाली.

गाणी बाहेर आली त्या आठवड्यात एका दुपारी ती दुकानात काच घासत असताना दादाचा फोन आला. तो कधी फोन करत नसे. फोनचा आवाज त्याला अजूनही जड जायचा. ती मागच्या दारानं बाहेर जाऊन पायरीवर बसली.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "सगळ्यात कमी आवाजावर लावून. पूर्ण ऐकलं."

"दुखलं नाही?"

"नाही. मास्तर चांगला गायलाय. उंट तर... त्याला सांग, फार छान. त्या नावेच्या गाण्यात खाली नुसता धरून ठेवलाय सूर."

"सांगते."

"तुझं मला काही ऐकू आलं नाही गं. एवढ्या कमी आवाजात नसेल येत. तू आहेस ना त्यात?"

"आहे की. सगळ्या गाण्यांत आहे."

"मग थोडा वाढवून बघू का? एक घर फक्त."

पायरीसमोरच्या बोळातून एक बाई सायकल ढकलत नेत होती. चिमणीनं फोनवर हात ठेवला आणि ती बाई लांब जाईपर्यंत थांबली.

"नको रे," ती म्हणाली. "वाढवू नकोस."

"एकदा बघतो ना."

"दादा, नको म्हणते ना. आहे मी त्यात. तू आपलं एवढ्यावरच ऐक."

"बरं," तो म्हणाला. मग मामानं हात केला असावा, कारण तो "आलो" म्हणाला आणि फोन ठेवला. आत दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं. मालकांनी दोनदा बोलावल्यावर ती उठली.